चारचा आकडा पिकाचा, बुरशीचा नव्हे

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. ही रेघ कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेची. अमेरिकी कृषी खात्याच्या ६० क्रमांकाच्या पुस्तिकेतून १९५४ साली ती जगभर गेली. (आपल्याकडच्या बऱ्याच माती-अहवालांत माती-पाण्याच्या १:२.५ मिश्रणाचा आकडा असतो. तो या चारशी थेट ताडून पाहू नये.) पण रेघ आखली ती पिकांसाठी. पाचट, काडीकचरा कुजवणाऱ्या बुरशीला ती लागू पडते का?

वाहकतेला ०.०३६ ने गुणले की मीठ पाण्याला किती ओढून धरते ते मेगापास्कलमध्ये कळते. ४ साठी उत्तर येते जेमतेम ०.१४. लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक बुरशा साधारण ४ मेगापास्कलपर्यंत वाढत राहतात. ओल्या जमिनीत एवढा क्षार त्यांच्या खिजगणतीतही नाही.

जमीन वाळू लागली की गणित फिरते. पीक कोमेजते तेव्हा मातीत संपृक्ततेच्या साधारण चौथाई पाणी उरते, म्हणून तेच मीठ चौपट तीव्र होते: ०.५८. मातीच्या कणांची १.५ ची ओढ धरून बेरीज २.१. आता १६ वाहकतेची जमीन घ्या, जिथे पुस्तिकेच्या मते मोजकीच पिके तग धरतात. तिथे बेरीज ३.८ भरते, म्हणजे बुरशीही कडेलोटावर. गोड्या जमिनीत कोमेजबिंदूनंतरही तिचे काम चालू राहिले असते. इथे पावसानंतरचे तिचे दिवसच कमी होतात. शिवाय तग धरण्यासाठी पेशीत ग्लिसरॉल, मॅनिटॉल साठवावे लागते, आणि तो कार्बन वाढीतून वजा होतो.

अॅस्परजिलस, पेनिसिलियमच्या कित्येक जाती याहून खूप कोरड्यात जगतात. मात्र काडीतले चिवट लिग्निन फोडण्यात त्यांचा हात तोकडा. त्यामुळे कुजणे सरसकट थांबण्यापेक्षा चिवट भाग मागे राहण्याची शक्यता मला जास्त वाटते.

समुद्राच्या पाण्याची ओढ सुमारे २.५, म्हणजे बुरशीच्या ४ च्या मर्यादेआतच. जॉर्जियातल्या सॅपेलो बेटावरच्या खाऱ्या दलदलीत स्पार्टिना गवताची पाने उभ्यानेच वाळतात आणि तिथेच कुजतात. हे काम मुख्यतः फिओस्फेरिया स्पार्टिनिकोलासारख्या बुरशांचे.

मिठाने संपृक्त पाण्याची ओढ मात्र सुमारे ४०. युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकवर १९०४ साली पुरा झालेला लाकडी रेल्वेपूल १९५९ साली शेजारी भराव झाल्यावर मागे पडला. पाण्याखालचे खांब टिकण्याचे थोडे श्रेय प्राणवायूच्या अभावालाही द्यायला हवे. पण मिठात मुरलेले ते लाकूड पुढे उकलून बांधकामासाठी विकले गेले.