भूमिका

भूमिका : स्त्रीजीवन व घराण्यातून चालत आलेला कलेचा वारसा यांवरील महत्त्वाचा हिंदी चित्रपट (१९७७). दिग्दर्शक श्याम बेनेगल (१९३४–२०२४). मराठी अभिनेत्री हंसा वाडकर (मूळ नाव रतन साळगावकर, १९२३–७१) यांच्या सांगत्ये ऐका (१९७०) या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. या आत्मकथनाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. चित्रपटाची पटकथा बेनेगल, सत्यदेव दुबे व गिरीश कार्नाड यांची, छायालेखन गोविंद निहलानी यांचे व संगीत वनराज भाटिया यांचे आहे. ‘ब्लेझ’ या संस्थेने रूढ व्यावसायिक चौकटीबाहेर राहून त्याची निर्मिती केली.

पार्श्वभूमी : कोकण व गोमंतकातील कलावंत समाजात गायनविद्या स्त्रियांकडून स्त्रियांकडे येत असे. ही विद्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन होती. तथापि तिला विवाहित स्त्रीची प्रतिष्ठा नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजात सुधारणेची चळवळ सुरू झाली. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. याच सुमारास बोलपट अवतरला (पहिला मराठी बोलपट अयोध्येचा राजा, १९३२). त्याला गाणाऱ्या नटींची गरज होती आणि प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया पडद्यावर येण्यास सहसा धजत नसत. परिणामी ज्या विद्येपासून दूर जाण्याचा प्रयत्न चालला होता, तिलाच नवी बाजारपेठ लाभली.

कथानक : हा पेच चित्रपटात चार पिढ्यांतून मांडला आहे. आजी परंपरेने गायिका असून ती नात उषा हिला गाणे शिकविते. आई शांता हिला मात्र मुलीचे लग्न होऊन तिने घरंदाज संसार करावा, असे वाटते. पित्याच्या मृत्यूनंतर केशव दळवी हा परिचित या कुटुंबाला मुंबईस आणतो व उषाला चित्रपटात काम मिळवून देतो. पुढे तिच्याशी विवाह करून तो तिच्याच मिळकतीवर जगतो. आजीच्या विद्येवर घर चालते. परंतु त्या मिळकतीवर उषाची सत्ता नसते. ती पतिगृह सोडते. विनायक काळे या धनिकाच्या वाड्यात तिला हवे असलेले गृहिणीपद मिळते. मात्र उंबरठ्याबाहेर पडण्याची मुभा राहत नाही. तेथून सुटका होण्यासाठीही तिला केशवचेच साहाय्य घ्यावे लागते. अखेरीस विवाहित व गर्भवती मुलगी तिला आपल्याकडे राहावयास बोलाविते. उषा ते नाकारून एकटी राहते. मातृपरंपरेने आलेली कला चौथ्या पिढीत खंडित होते आणि आजीला अभिप्रेत नसलेली, आईला हवी असलेली प्रतिष्ठा नातीच्या मुलीला लाभते. त्या प्रतिष्ठेचे मोल उषाने चुकविलेले असते.

वैशिष्ट्ये : बालपणाचे प्रसंग एकरंगी, तर वर्तमान रंगीत दाखवून काळाचे थर वेगळे केले आहेत. तत्कालीन चित्रपटांच्या धाटणीची गीते व दृश्ये कथेत गुंफल्यामुळे उषाच्या चरित्राबरोबर चित्रपटसृष्टीचाही इतिहास उलगडतो. स्मिता पाटील (उषा), सुलभा देशपांडे (शांता), अमोल पालेकर (केशव), अमरीश पुरी (काळे), अनंत नाग व नसिरुद्दीन शाह यांच्या भूमिका त्यात आहेत. स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले; पटकथेलाही राष्ट्रीय पारितोषिक लाभले.

स्त्रियांनी जपलेला वारसा आणि नव्या जीवनाची ओढ यांतील ताण अन्य देशांतील चित्रपटांतही आढळतो. ज्यूली डॅश यांच्या डॉटर्स ऑफ द डस्ट (१९९१) या अमेरिकन चित्रपटात १९०२ मधील गुल्ला या कृष्णवर्णीय समाजातील एक कुटुंब बेट सोडून उत्तरेकडे निघते, तेव्हा वृद्ध नाना पूर्वजांची स्मृतिचिन्हे जपून ठेवते. तेथे वारसा हा आधार ठरतो. भूमिकामध्ये तो आधार आणि बंधन असा दुहेरी असून, त्याचे उत्पन्न कोणाच्या हाती जाते हा प्रश्न चित्रपटाने अग्रभागी आणला आहे.