गवतांचे समुदाय आणि चराईची मर्यादा

पावसाळ्यात रायपूरभोवतालची चराऊ राने पाहणाऱ्यास ती सारखीच हिरवी दिसतात. ही हिरवळ फसवी असते. ती कोणत्या गवतांची आहे हे कळल्याखेरीज तेथे किती गुरे चारावीत, हे ठरविता येत नाही.

चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ साली केलेले भारतीय वनांचे वर्गीकरण मुख्यतः हवामान व वृक्ष यांवर आधारलेले आहे. गुरे मात्र वृक्षांखालचे गवत खातात. ही उणीव दबडघाव व शंकरनारायण यांच्या १९७३ सालच्या ग्रंथाने भरून काढली. त्यांनी देशातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मानले. द्वीपकल्पाचा फार मोठा भाग व्यापणारा प्रकार सेहिमा व डायकॅन्थियम या गवतांच्या नावांनी ओळखला जातो. मराठी शेतकरी यांतील पहिल्यास शेडा व दुसऱ्यास मारवेल म्हणतो. शेडा निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत, तर मारवेल भारी काळ्या जमिनीत वाढतो. छत्तीसगडात अशा काळ्या जमिनीस ‘कन्हार’ व तांबड्या, मुरमाड उंचवट्यास ‘भाटा’ म्हणतात. कन्हार शेतीखाली गेली. गुरांच्या वाट्यास मुख्यतः भाटा व वनांच्या कडा उरल्या.

शेडा गुरांना आवडतो, म्हणून तोच आधी संपतो. त्याच्या जागी कुसळी येते. कोवळेपणी ती गुरे खातात. परंतु फुलोऱ्यानंतर तिची टोकदार कुसळे त्यांच्या तोंडात व कातडीत रुततात. चराईचा ताण चालूच राहिल्यास कुसळीही हटते, निकृष्ट व अल्पायुषी गवते पसरतात आणि शेवटी उघडा मुरूम दिसू लागतो. रान या उतरंडीच्या कोणत्या पायरीवर आहे हे ओळखणे, हाच वर्गीकरणाचा खरा उपयोग होय. कुसळीच्या पायरीवरील रान काही वर्षे विश्रांती दिल्यास बरेचसे सावरते. उघड्या मुरमावर मात्र बी पेरावे लागते.

परंतु विश्रांती द्यावयाची केव्हा? बहुवर्षायू गवत पावसाळ्यात फुटते व त्याच्या अखेरीस बी धरते. नेमक्या याच महिन्यांत शेतात धान उभे असते, आणि ते वाचविण्यासाठी राऊत गावची गुरे भाट्यावर व वनात नेतो. कापणीनंतर शेते गुरांना मोकळी होतात खरी, पण तोवर गवताचा हंगाम सरलेला असतो. धानाचे रक्षण होते ते गवताच्या जिवावर! म्हणून संपूर्ण रान बंद करण्याचा आग्रह गावास परवडणारा नाही. रानाचे भाग पाडून दरवर्षी त्यांपैकी एक भाग बी गळेपर्यंत राखावा, आणि ज्या भागात शेड्याची ठोंबे अद्याप शिल्लक असतील त्यापासून आरंभ करावा.