विश्लेषण : बर्फ उपसला एकाने, गाडी लावली दुसऱ्याने! अमेरिकेतील पार्किंगचा हिवाळी वाद काय आहे?

रात्रभर बर्फ पडतो. सकाळी फावडे घेऊन दोन तास खपल्यावर गाडी कशीबशी बाहेर निघते. संध्याकाळी कामावरून परतावे, तर त्याच मोकळ्या केलेल्या जागेत शेजाऱ्याची गाडी उभी! अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागातील शहरांत दर हिवाळ्यात असे प्रसंग घडतात. नोकरी-शिक्षणासाठी बोस्टन, शिकागो, न्यूयॉर्क परिसरात गेलेल्या मराठी कुटुंबांनाही त्याला तोंड द्यावे लागते. सोसायटीतील पार्किंगची भांडणे पाहिलेल्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. नियम मात्र वेगळे आहेत आणि ते शहरागणिक बदलतात.

वाद मुळात कशामुळे होतो?

जुन्या वस्त्यांतील अनेक घरांना गॅरेज नसते, गाड्या रस्त्याच्या कडेलाच लावल्या जातात. पालिकेचे स्नो प्लाऊ रस्ता मोकळा करताना बर्फ कडेला ढकलतात आणि उभ्या गाड्या त्याखाली गाडल्या जातात. जितका बर्फ साचेल, तितक्या पार्किंगच्या जागा कमी होतात. बोस्टनमध्ये २०१४-१५च्या हिवाळ्यात ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांहून अधिक बर्फ पडला. हा तिथला विक्रम आहे. रस्ता सार्वजनिक, पण तो मोकळा करण्याचे कष्ट एकट्याचे, हे वादाचे मूळ.

खुर्ची ठेवून जागा ‘राखता’ येते का?

लोक मोकळ्या केलेल्या जागेत मोडकी खुर्ची, प्लास्टिकचा शंकू किंवा कचऱ्याचा डबा ठेवतात. शिकागोत या प्रथेला ‘डिब्स’ म्हणतात. जानेवारी १९६७ मध्ये तिथे २३ इंच बर्फ पडला होता, तेव्हापासून ही प्रथा रुजल्याचे सांगितले जाते. कायद्यात तिला आधार नाही. पालिका काही दिवस काणाडोळा करते आणि मग सामान उचलून नेते. पिट्सबर्गमध्येही ‘पार्किंग खुर्ची’ प्रसिद्ध आहे.

बोस्टनमध्ये मर्यादित मुभा आहे. पालिकेने जाहीर केलेली हिम आणीबाणी उठल्यानंतर ४८ तासांपर्यंत वस्तू ठेवता येते. साउथ एंड भागात मात्र ही सवलत नाही. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरील जागा अशी अडवून ठेवता येत नाही.

पदपथावरील बर्फ कोणी काढायचा?

या तिन्ही शहरांत घरासमोरच्या पदपथाची जबाबदारी त्या मालमत्तेच्या मालकावर असते.

- बोस्टन : बर्फ थांबल्यावर तीन तासांत, रात्री थांबला तर सूर्योदयापासून तीन तासांत. वाट किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट रुंद हवी. व्हीलचेअर आणि बाबागाडी जावी, हा त्यामागचा हेतू.
- न्यूयॉर्क : सकाळी ७ ते सायंकाळी ४.५९ दरम्यान थांबला तर चार तासांत. ५ ते रात्री ८.५९ दरम्यान थांबला तर १४ तासांत. त्यानंतर थांबला तर सकाळी ११ पर्यंत.
- शिकागो : सकाळी ७ ते सायंकाळी ७ दरम्यान पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत, त्यानंतर पडलेला सकाळी १० पर्यंत.

मुदत पाळली नाही तर दंड होऊ शकतो. उपसलेला बर्फ रस्त्यावर लोटणेही बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये दंडास पात्र आहे.

भाडेकरूंचे काय? मॅसॅच्युसेट्समध्ये सामायिक दार-जिन्यावरील बर्फ काढणे घरमालकाचे काम आहे. दार केवळ त्या भाडेकरूच्या वापराचे असेल आणि करारात लेखी नमूद असेल, तरच ते त्याच्यावर टाकता येते. म्हणून सही करण्यापूर्वी करारातील बर्फाचे कलम वाचावे.

कोणी घसरून पडले तर?

आपल्याकडून भारतातून भेटीला गेलेले आई-वडील अशा निसरड्या वाटेवर पडले, तर प्रकरण दंडापुरते राहत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मालकांची जुनी पळवाट बंद केली. तोपर्यंत ‘बर्फ नैसर्गिकरीत्या साचला होता’ असे सांगून भरपाई टाळता येत असे. आता मालकाने वाजवी काळजी घेतली का, हे तपासले जाते. इलिनॉयमध्ये उलट, १९७९ चा कायदा घरासमोरचा पदपथ साफ करणाऱ्या रहिवाशाला संरक्षण देतो. त्याने मुद्दाम किंवा बेपर्वाईने धोका निर्माण केला नसेल, तर तो सहसा जबाबदार ठरत नाही.

शेजारी ऐकतच नसेल तर?

१. सामायिक ड्राइव्ह-वे असेल, तर आधी घराची कागदपत्रे पाहावीत. वाटेचा हक्क दोघांचा असल्यास एकाला गाडी किंवा बर्फाचा ढीग घालून ती अडवता येत नाही.

२. रागाच्या भरात बोलू नये. ‘बर्फ तुमच्या बाजूने येतो, कुठे टाकायचा ते ठरवू’ असे सुचवावे. ठरलेले मेसेजवर लिहून ठेवावे.

३. त्रास सुरूच राहिला तर तारीख-वेळेसह फोटो काढावेत. पदपथ साफ नसल्याची तक्रार या तिन्ही शहरांत ३११ क्रमांकावर करता येते. इमारतीच्या आवारातील वाद असेल तर व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार द्यावी. अनेक ठिकाणी सामुदायिक मध्यस्थी केंद्रेही आहेत.

४. बदला घेऊ नये. खुर्ची हटवून गाडी लावणाऱ्याचे टायर फोडणे, गाडीवर पाणी ओतून ती गोठवणे असे प्रकार घडतात. जागा राखण्याला काही ठिकाणी मुभा असली, तरी नुकसान करणे सगळीकडे गुन्हाच आहे.

महाराष्ट्रातील वादापेक्षा हे वेगळे कसे?

इथे वाद बहुतेकदा सोसायटीच्या आवारातला असतो. इमारतीखालची खुली स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामायिक जागा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतील एका सोसायटीच्या प्रकरणात दिला. त्यामुळे जागावाटप सोसायटीच्या सभेत ठरते. अमेरिकेतील रस्त्याकडेच्या पार्किंगला अशी सभा नसते. तिथे पालिकेचा नियम आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध, एवढेच हाती असते.

त्यामुळे बोलणी पहिला बर्फ पडण्याआधी करून ठेवणे सोयीचे. कोणता भाग कोणी साफ करायचा, ढीग कुठे घालायचा आणि वयस्कर शेजाऱ्याच्या दारापुढची वाट कोण करणार, हे तेव्हाच ठरवावे. ओला बर्फ उपसताना हृदयावर मोठा ताण येतो. हृदयविकार असलेल्यांनी फावडे हाती घेऊच नये, असे डॉक्टर सांगतात.