पडद्यावरील लोहारशाळा

गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या मुलांस आम्हीं 'माझा आवडता उद्योग' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका विद्यार्थ्यानें लोहारकामाचें इतकें बारीक वर्णन केलें कीं, आम्हांस मोठें नवल वाटलें. कच्चें लोखंड खाणींतून आणावें, भट्टींत वितळवून त्याची कांब करावी, कातड्याची वादी कापावी, दोहोंची मिळून कट्यार घडवावी आणि मग साणेवर तिला धार लावावी, असा सर्व क्रम त्यांत होता. ह्या विद्यार्थ्याचे वडील बँकेंत नोकरीस आहेत. चौकशी करतां कळलें कीं, ही विद्या त्याला 'स्कायरिम' नांवाच्या संगणकावरील खेळापासून मिळाली. तेव्हां ह्या खेळांत असतें तरी काय, हें आम्हीं एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं कांहीं सायंकाळीं बसून पाहिलें. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

हा खेळ अमेरिकेंतील बेथेस्डा गेम स्टुडिओज ह्या संस्थेनें टॉड हॉवर्ड ह्यांच्या देखरेखीखालीं तयार केला, व तो ११ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध झाला. 'दि एल्डर स्क्रोल्स' ह्या मालिकेंतील हा पांचवा. स्कायरिम हा उत्तरेकडील बर्फाळ डोंगरांचा एक काल्पनिक प्रांत होय. खेळणाराचें पात्र आरंभीं कैदी असतें. त्याचा शिरच्छेद व्हावयाचा, इतक्यांत ड्रॅगन नांवाचा पंखांचा प्रचंड सर्प गांवावर झडप घालतो आणि त्या धांदलींत कैदी निसटतो. येथून पुढें कथेचा दोर खेळणाराच्या हातीं येतो. कादंबरींत पहिल्या प्रकरणामागून दुसरें यावयाचें हें ठरलेलें. येथें मुख्य कथा बाजूस ठेवून डोंगर चढावे, गुहा धुंडाळाव्या, कीं एखाद्या खेड्यांत लांकडें फोडून चार नाणीं मिळवावीं, ही ज्याची त्याची मर्जी.

मुलांस ह्या खेळाची गोडी कां लागते, ह्याचें एक कारण आम्हांस चांगलेंच पटलें. त्यांत अठरा विद्या आहेत, व प्रत्येकीच्या शंभर पायऱ्या. तलवार चालविली म्हणजे तलवारीची विद्या वाढते. औषधें केलीं म्हणजे वैद्यकीची. प्रत्येक वनस्पतींत चार गुण लपलेले असतात, आणि समान गुणाच्या दोन वस्तु एकत्र केल्या कीं औषध सिद्ध होतें. गहूं व डोंगरांतील एक निळें फूल मिळून जखम बरी करणारें पेय बनतें. करून पाहावें, चुकावें, पुन्हां करावें, हें येथें ओघानेंच येतें.

परंतु ह्या व्यवस्थेंत एक मोठी फट होती. प्रथम कोणतीहि वस्तु घडविली तरी लोहाराला श्रेय सारखेंच मिळे. तेव्हां खेळणारांनीं सर्वांत स्वस्त अशा लोखंडी कट्यारी शेंकड्यांनीं घडवून लोहारकीची शंभरावी पायरी गांठली! शुद्धलेखन सुधारावें म्हणून दिलेला धडा अर्थाकडे न पाहतां दहा वेळां उतरवून आणणारे विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. खेळाच्या कर्त्यांनीं २०१२ सालीं ही चूक सुधारली, आणि जितकी वस्तु मोलाची तितकें श्रेय अधिक, असा नियम केला.

दुसरी एक चूक मात्र तशीच आहे. ह्या खेळांत लोखंड व कुरुंद एकत्र वितळविले कीं पोलाद होतें. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं हें खरें मानूं नये. पोलाद होतें तें लोखंडांत अल्प प्रमाणांत कार्बन मिसळल्यानें. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियमचें ऑक्साइड. माणिक व नीलमणि हीं त्याचींच रूपें. हिऱ्याखालोखाल कठीण असा हा खनिज, म्हणून त्याचें काम साणेवर. तो भट्टींत घातला गेला आहे!

आतां पालकांशीं थोडें बोलावयाचें आहे. ह्या खेळांत चोरी व खून करतां येतात. कोणीं पाहिल्यास शिपाई दंड मागतात. न दिल्यास तुरुंग, आणि तुरुंगांत शिकत आलेली विद्या ओसरते. कोणीं पाहिलें नाहीं तर शिक्षा नाहीं. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली म्हणजे त्याला चोरी दिसत नाहीं, ही युक्ति मुलांत फार प्रिय आहे, व ती पाहून आम्हांसहि हंसूं आवरलें नाहीं. आम्हांस काळजी वाटली ती निराळ्याच गोष्टीची. खेळ कोणत्याहि क्षणीं जसाच्या तसा जपून ठेवतां येतो. एखाद्या गरीबास ठार करून पाहावें, परिणाम आवडला नाहीं तर मागल्या क्षणीं परतावें. झालेलें झालेंच नाहीं. जक्कयास मागला दिवस परत मिळाला नव्हता. ज्यांस नाडलें त्यांस चौपट परत देण्याचें त्यानें पत्करलें, आणि तें त्याला त्यांच्याच दारीं जाऊन द्यावें लागलें असेल. चौदा वर्षांच्या मुलास हा भेद कोणी जवळ बसून दाखविला पाहिजे.

शिवाय हा खेळ त्या वयासाठीं नाहींच. रक्तपात व मद्यपान ह्यांमुळें युरोपांत तो १८ वर्षांवरील व अमेरिकेंत १७ वर्षांवरील व्यक्तींसाठीं ठरविला आहे, आणि तसें वेष्टनावर छापलेलें असतें. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तो वाढदिवसास स्वतः आणून दिला होता. वेष्टन त्यांनीं वाचलें नव्हतें. त्यांनीं तें प्रांजळपणें सांगितलें, आणि पितापुत्रांनीं आपसांत ठरवून खेळ तूर्त कपाटांत ठेवला आहे.

त्यानंतर एका शनिवारीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बाजारामागील लोहाराच्या दुकानीं नेलें. त्यानें हातोडा उचलून पांच-सात घाव घातले. त्यांतील दोन ऐरणीवरच पडले. इतक्यांत लोखंड काळें पडलें.

"सर, हें थंड झालें!" तो म्हणाला. खेळांत लोखंड कधीं थंड होत नाहीं.

"मग घाल बाळा पुन्हां भट्टींत," लोहारकाका म्हणाले.

एक खुरपें होण्यास सबंध दुपार गेली. तें थोडें वांकडें आहे. शाळेच्या बागेंत सध्यां तेंच वापरतात.