समुद्राकाठचा दिनक्रम

नागपूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात दिवसाची कामे घड्याळाच्या काट्यावर चालतात. कचेरी, शाळा, आगगाडी, या सर्वांच्या वेळा ठरलेल्या असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण या लहानशा शहरातही शाळा व कचेऱ्या आहेत, आणि त्यांची घड्याळेही तशीच चालतात. परंतु तेथे आणखी एक घड्याळ आहे. ते कोणत्याही भिंतीवर टांगलेले नसून गावापुढे दूरवर पसरलेले आहे. त्याचे नाव समुद्र.

या घड्याळाची गती चंद्रावर अवलंबून असते. चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी सामान्यतः दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. चढणाऱ्या पाण्यास भरती व उतरणाऱ्या पाण्यास ओहोटी म्हणतात. चंद्र रोज आकाशात थोडा पुढे सरकलेला असतो. म्हणून आज ज्या वेळी भरती आली, त्याहून उद्या ती सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात आणि दोघांचे आकर्षण एकवटते. त्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढते. हेच उधाण होय. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

कोकण किनाऱ्यावरील जुन्या लोकांनी हे सारे एका सोप्या हिशेबात बसविले आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस ती तीनच्या सुमारास, तर अष्टमीस सहाच्या सुमारास येते. ठिकाणाप्रमाणे या वेळेत थोडाफार फरक पडतो, तोही अनुभवाने ठाऊक झालेला असतो. त्यामुळे मच्छीमाराच्या घरात पंचांग केवळ सणवार पाहण्यासाठी नसते. ते रोजच्या कामाचे साधन असते. ओहोटीची वेळ कळली, की स्त्रिया कोयती व टोपली घेऊन उघड्या पडलेल्या खडकांवर कालवे काढावयास जातात. खाडीच्या चिखलात खुबे व तिसऱ्या मिळतात. पाणी परतण्यापूर्वी काम आटोपावे लागते. समुद्र कोणासाठी थांबत नाही.

पाण्याप्रमाणेच वाऱ्याच्याही वेळा ठरलेल्या आहेत. उन्हाने जमीन लवकर तापते. समुद्र मात्र हळूहळू तापतो. म्हणून दुपारी समुद्राकडून जमिनीकडे थंड वारा वाहू लागतो. तो खारा वारा होय. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेने, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यास मतलई वारा म्हणतात. नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. मालवणला मात्र उन्हाळा तितका कडक होत नाही, हा या समुद्राच्याच सान्निध्याचा परिणाम आहे. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आता बहुतेक होड्यांस इंजिने बसली आहेत. तरी वारा पाहिल्यावाचून जाणता मच्छीमार आजही होडी पाण्यात लोटीत नाही.

किनाऱ्यावरील सर्वांत पाहण्यासारखे काम म्हणजे रापण. रापण हे फार लांब जाळे असते. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळाकार फिरत जाळे सोडीत येते आणि दुसऱ्या टोकाचा दोर काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात आणि एका लयीत ओढ सुरू होते. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात. शेवटी वाळूवर बांगडे, तारल्या, पेडवे असे मासे चमकू लागतात.

मासे मिळाल्यावर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, असे ते असतात. दोरास हात लावणारा रिकाम्या हाताने घरी जात नाही. जाळे एकट्याच्या बळाने ओढले जात नाही, म्हणून मिळकतही एकट्याची होत नाही. त्यानंतरचे काम मुख्यतः स्त्रियांचे. मासे निवडणे, टोपल्या भरणे, बाजारात बसून विक्री करणे आणि उरलेले मासे मीठ लावून वाळविणे, हे सारे त्यांच्याच हाती असते.

जून महिना लागला, की हा दिनक्रम पालटतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळतो. होड्या वर ओढून नारळीच्या झापांनी शाकारल्या जातात. समोरच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये शिवाजीमहाराजांनी बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. तेथे जाणारी प्रवासी होडीही पावसाळ्यात बंद असते. घरोघरी खारे बांगडे व सुकट यांवर भागविले जाते. याच काळात अनेक जातींचे मासे अंडी घालतात. म्हणून 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर शासनाची बंदी असते. पुढे श्रावणातील नारळी पौर्णिमेस लोक बंदरावर जमतात, समुद्रास नारळ अर्पण करतात, नारळ लढविण्याचा खेळ रंगतो आणि नवा हंगाम सुरू होतो.

परंतु या जुन्या घड्याळापुढे आता एक प्रश्न उभा आहे. मोठ्या यांत्रिक नौकांस भरती, वारा किंवा किनाऱ्यावरील माणसांची रांग यांची वाट पाहावी लागत नाही. त्यांची पर्ससीन जाळी माशांचा संपूर्ण थवा एका वेळी वेढून घेऊ शकतात. किनाऱ्याजवळ येणारा मासा वाटेतच उचलला गेला, तर रापण रिकामी येते आणि दोरावरच्या कित्येक कुटुंबांच्या चुली अडतात. यावरून मच्छीमारांत तंटे झाले आहेत. महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला आणि 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. कायदा आवश्यक आहेच. पण तो पाळला जाणे त्याहून अधिक आवश्यक आहे.

मोठ्या नौकेवरील मच्छीमारासही पोट आहे आणि यंत्राने त्याचे कष्ट वाचविले आहेत, हे खरे. तथापि पिले वाढण्यापूर्वीच उचलली गेली, तर उद्या मोठ्या नौकेलाही मासा मिळणार नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवर गेलेली स्त्री टोपलीपुरती कालवे काढते आणि पाणी चढू लागताच माघारी वळते. खडकाला चिकटलेली लहान कालवे पाण्याखाली जातात व पुढल्या ओहोटीपर्यंत वाढत राहतात. घेण्याची एक वेळ असते, तशीच थांबण्याचीही असते, हे मालवणच्या किनाऱ्यावर रोज दोनदा पाहावयास मिळते.