बॅकला कोण थांबणार?

हर्णे बंदरातला संध्याकाळचा लिलाव उरकत आला की पुळणीवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या तेवढ्या उरतात, ओल्या वाळूत खोल रुतलेल्या. ओहोटी असली तर त्याच वाळूवर मुलांचा फुटबॉल सुरू होतो. चपला रोवल्या की गोल तयार. भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून: बॅकला कोण थांबणार? कुणालाच थांबायचं नसतं. शेवटी वयाने सगळ्यांत लहान असेल त्याला मागे पाठवतात. परवा असाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा हिरमुसून मागे उभा होता, अंगठ्याने वाळू उकरत. त्याला राहुल भेकेबद्दल सांगावं असं फार वाटलं. तेव्हा राहून गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

राहुल भेके मुंबईचा, जन्म 1990 चा. आय-लीगमध्ये तो आधी मुंबई एफसीकडून खेळला, मग कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून. मधल्या काळात उसना खेळाडू म्हणून केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटी असंही फिरून आला. 2017 मध्ये बंगळुरूला गेला आणि तिथे त्याचे पाय रुजले. तो उजव्या बाजूचा बॅक म्हणूनही खेळतो आणि मधला बचावपटू म्हणूनही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण दोन्ही कामं निराळी आहेत. कडेच्या बॅकला रेषेलगत सतत वर-खाली पळायचं असतं, आणि एका बाजूला टचलाइन असल्याने धोका एकाच अंगाने येतो. मधल्याला दोन्ही अंगांनी येतो. शिवाय ऑफसाइडची रेषा त्याला राखावी लागते. बचावफळीतल्या चौघांपैकी एक जण पाऊलभर मागे रेंगाळला तरी समोरचा फॉरवर्ड मोकळा सुटतो.

बचावपटूचं खरं काम आकड्यांत धड मावत नाही. गोल मोजता येतो. जो पास समोरच्याने दिलाच नाही, कारण त्या वाटेवर आधीच कुणी उभं होतं, तो कसा मोजणार? म्हणून बॅकचं नाव दोनच वेळा घेतलं जातं. चूक झाली की, नाहीतर त्याने चुकून-माकून गोल केला की.

भेकेचे गोल मात्र चुकून-माकून झालेले नाहीत. 17 मार्च 2019, अंधेरीचं मैदान, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. बंगळुरू विरुद्ध एफसी गोवा. नव्वद मिनिटं गोलशून्य गेली, जादा वेळही सरत आलेला. 117व्या मिनिटाला डिमास डेल्गाडोचा कॉर्नर आला आणि भेकेने तो डोक्याने जाळ्यात घातला. बंगळुरूला पहिलं आयएसएल विजेतेपद मिळालं ते मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्याच मुलामुळे. त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला.

कॉर्नरला बचावपटू पुढे का जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. उंच चेंडू डोक्याने परतवणं हा त्यांचा रोजचा सराव. शिवाय थेट कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागू होत नाही. पण युक्ती उडी मारण्यात कमी आणि धाव सुरू करण्यात जास्त असते. राखणाऱ्याला चेंडूही बघायचा असतो आणि माणूसही. धाव घेणारा त्याच्या खांद्यामागून निघाला, तर दोन्ही एका नजरेत मावत नाहीत. हे बॅकला चांगलं ठाऊक असतं, कारण उरलेला सगळा वेळ तो स्वतः त्याच पेचात असतो.

पुळणीवरून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. एप्रिल 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर तोफा डागल्या. समुद्राकडच्या बाजूला कातळातच तासलेला तट. तिथे खिंडार पडेना. मग त्याने गलबतं किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आणली आणि जमिनीकडच्या बाजूने मारा केला. पुढे दारूकोठार उडालं आणि किल्ला पडला. भक्कम बाजू सोडून पाठीमागून येणं, ही चाल फुटबॉलच्या किती आधीची आहे!

2021 मध्ये भेके मुंबई सिटीत आला. पुढच्या एप्रिलात रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना होता, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. आदल्या वर्षी एफसी गोवाने याच स्पर्धेत तीन बरोबऱ्या साधल्या होत्या. विजय कोणत्याच भारतीय क्लबला मिळालेला नव्हता. मुंबई एका गोलने मागे पडली, बरोबरीत आली, आणि 75व्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, पुन्हा भेकेचं डोकं. 2-1. त्या रात्रीचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो. 4 मे 2024 रोजी मोहन बागानला त्यांच्याच कोलकात्यात 3-1 हरवून मुंबईने आयएसएल करंडक उचलला, तेव्हा कर्णधार भेकेच होता. मग तो बंगळुरूला परतला.

18 नोव्हेंबर 2024 ला हैदराबादेत मलेशियाविरुद्ध भारत मागे होता. आपला गोलरक्षक पुढे धावत आला, अंदाज चुकला, आणि पाउलो जोसुएने मोकळ्या गोलात चेंडू ढकलला. 39व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर भेकेने बरोबरी साधून दिली. सामना 1-1 सुटला. पुढे मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध भारताचा पहिला गोल झाला, तोही ब्रँडनच्या कॉर्नरवरून आणि भेकेच्याच डोक्याने.

तो मुलगा पुन्हा भेटला की त्याला आधी उभं कसं राहायचं ते दाखवणार आहे. समोरच्याला छाती देऊन सरळ उभं राहायचं नाही. अंग तिरपं, गुडघे थोडे वाकलेले, एक पाय मागे, म्हणजे चेंडू कुठल्याही बाजूने गेला तरी वळता येतं. आणि दर दोन-चार सेकंदांनी मान वळवून खांद्यामागे बघायचं, तिथे कोण आलंय ते.