एका मुलाच्या मनांतील चारशें मालिका

कथेंतील माणसें कथा संपल्यावर कोठें जातात, हा प्रश्न मुलें उघडपणें विचारतात आणि मोठीं माणसें मनांतल्या मनांत विचारतात. पुराण ऐकणाऱ्या आपल्याकडील श्रोत्याला तो फारसा पडत नसे, कारण तेथें नारदमुनि होते. कोणत्याहि पुराणांत, कोणत्याहि राजाच्या सभेंत ते वीणा घेऊन उभे राहत; आणि ते आले म्हणजे ही कथा व ती कथा एकाच त्रैलोक्यांत घडत आहेत, याविषयीं शंका उरत नसे. युरोपांतील कादंबरीला ही सोय मुद्दाम करून घ्यावी लागली. फ्रान्समध्यें ओनोरे द बाल्झाक यानें १८३४-३५ च्या सुमारास ‘पेर गोरियो’ या कादंबरीपासून एका कथेंतील पात्रें दुसऱ्या कथेंत पुन्हां आणण्याचा परिपाठ पाडला. एका पुस्तकांतला होतकरू विद्यार्थी रास्तिन्याक दुसऱ्या पुस्तकांत मंत्री होऊन भेटूं लागला. परंतु नारद काय किंवा रास्तिन्याक काय, त्यांच्या संचारामागें एका परंपरेचा किंवा एका लेखकाचा संकल्प होता. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर जें घडलें तें निराळेंच आहे. तेथें एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेल्या लेखकांच्या शेंकडों मालिका एका सृष्टींत गोंवल्या गेल्या, आणि ती सारी सृष्टि एका लहान मुलाच्या मनांत आहे, असा सिद्धान्त निघाला.

या सिद्धान्ताचें मूळ ‘सेंट एल्सव्हेअर’ नांवाच्या मालिकेंत आहे. जेथें कोणी सुखासुखीं जात नाहीं अशा दुय्यम प्रतीच्या रुग्णालयाला अमेरिकन डॉक्टर आपसांत हें टोपणनांव देतात. मालिका २६ ऑक्टोबर १९८२ रोजीं सुरू झाली, २५ मे १९८८ रोजीं संपली, आणि तेवढ्या काळांत तिचे १३७ भाग दाखविले गेले. बॉस्टन शहरांतील सेंट एलिजियस हें जुनें, पैशाची चणचण असलेलें रुग्णालय तिची रंगभूमि होती. तेथील डॉक्टर चुकत, थकत, एकमेकांवर चिडत. रोगी बरे होत तसेच मरतहि. एड्स या रोगाचें नांव घेण्यासहि लोक कचरत होते त्या १९८३ सालीं या मालिकेनें तो विषय घेतला, आणि पुढें आपल्याच एका देखण्या, लोकप्रिय डॉक्टर-पात्राला तो रोग झालेला दाखविला. प्रेक्षकांनीं ही मालिका गांभीर्यानें घेतली होती, हें ध्यानांत ठेवल्यावांचून तिच्या शेवटाचें मर्म कळत नाहीं.

रुग्णालयाच्या वैद्यकविभागाचे प्रमुख डॉ. डोनल्ड वेस्टफॉल हे विधुर होते. त्यांचा मुलगा टॉमी हा आत्ममग्न, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात त्या अवस्थेंतला होता. तो बोलत नसे. सहा वर्षांत तो मधून मधून दिसला इतकेंच. मालिकेचा तो नायक आहे असें कोणाच्या स्वप्नींहि आलें नसतें. शेवटच्या भागांत वृद्ध डॉ. ऑशलँडर यांचा मृत्यु होतो, रुग्णालयावर बर्फ पडूं लागतो, आणि दृश्य एकदम बदलतें. आतां एक साधें घर दिसतें. नुकतेच वारलेले ऑशलँडर तेथें खुर्चींत बसले आहेत. दार उघडून वेस्टफॉल येतात तेहि डॉक्टरच्या पोषाखांत नव्हे, तर बांधकामावरील मजुराच्या कपड्यांत. ऑशलँडर हे त्यांचे वडील आहेत. टॉमीच्या हातांत कांचेचा एक गोळा आहे, हलविला म्हणजे आंत बर्फ भुरभुरतो तसला. हा मुलगा दिवसभर त्या गोळ्याकडे पाहत काय विचार करीत असेल, असें बाप वडिलांना म्हणतो, गोळा काढून घेऊन दूरचित्रवाणीच्या पेटीवर ठेवतो, आणि सगळे हात धुवावयास निघून जातात. कॅमेरा गोळ्याजवळ जातो. आंत सेंट एलिजियसची इवलीशी इमारत आहे.

अर्थ उघड होता. सहा वर्षें पाहिलेले डॉक्टर, त्यांचीं दुःखें, ते मृत्यु, सारें त्या मुलाच्या मनांतलें. पुष्कळांना ही फसवणूक वाटली, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्या रोग्यासाठीं डोळे ओले केले तो कधीं नव्हताच, हें पडद्यावरच्या सर्वच रोग्यांविषयीं खरें असतें. पण तें तोंडावर सांगावयाचें नसतें असा एक अलिखित करार असतो, आणि तो येथें मोडला गेला. त्यावर कडी म्हणून श्रेयनामावलीच्या शेवटीं निर्मात्या एमटीएम संस्थेचें नेहमींचें बोधचिन्ह, म्हणजे म्यांव करणारें मांजराचें पिल्लूं, नळ्या लावलेल्या अवस्थेंत मरतांना दाखविलें. लेखकांना थट्टेची खोड होती हें त्यावरून दिसतेंच.

ही खोडच पुढच्या साऱ्या प्रकरणाला कारण झाली. बॉस्टनमध्येंच ‘चीअर्स’ नांवाच्या मद्यगृहांत घडणारी त्या नांवाची विनोदी मालिका त्याच वाहिनीवर चालू होती. १९८५ सालीं वेस्टफॉल, ऑशलँडर आणि त्यांचे सहकारी डॉ. क्रेग हे त्या मद्यगृहांत जाऊन बसले व तेथल्या नेहमींच्या मंडळींशीं बोलले. त्याच वर्षीं रुग्णालयाच्या मानसोपचार विभागांत श्री. कार्लिन नांवाचा एक चिरडखोर रोगी आला; तो १९७२ ते १९७८ पर्यंत चाललेल्या ‘द बॉब न्यूहार्ट शो’ मधला, त्याच नटानें वठविलेला, तोच मनुष्य होता. ‘चीअर्स’ मधील एक मनोवैद्य १९९३ पासून ‘फ्रेझर’ या स्वतंत्र मालिकेचा नायक झाला आणि सिअ‍ॅटल शहरांत नभोवाणीवरून लोकांना सल्ले देऊं लागला. शेवटीं, ‘सेंट एल्सव्हेअर’ च्या लेखकांपैकीं टॉम फाँटाना यांनीं बाल्टिमोरमधील खूनतपासाच्या ‘होमिसाइड’ या मालिकेंत काम केलें, आणि १९९८ सालीं सेंट एलिजियसची डॉ. रॉक्सॅन टर्नर ही तेथें प्रकटली. तिचें काम आल्फ्री वुडर्ड यांनींच केलें.

आतां ‘होमिसाइड’ मधल्या एका पोलिसाकडे पाहिलें पाहिजे. डिटेक्टिव्ह जॉन मंच हें पात्र रिचर्ड बेल्झर यांनीं १९९३ पासून रंगविलें. संशयी, तिरकस बोलणारा, सरकारी खुलाशांवर कधींहि विश्वास न ठेवणारा हा गृहस्थ अमेरिकन दूरचित्रवाणीचा खरा नारद म्हणावा लागेल. ‘लॉ अँड ऑर्डर’ मध्यें तो पाहुणा म्हणून गेला. १९९७ मध्यें ‘द एक्स-फाइल्स’ या गूढकथांच्या मालिकेंत, म्हणजे दुसऱ्याच वाहिनीवर, तो दिसला. ‘होमिसाइड’ १९९९ मध्यें संपली तेव्हां तो न्यूयॉर्कला बदलून आला आणि ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ या मालिकेंत २०१३ पर्यंत नोकरींत राहिला. मध्यंतरीं २००६ मध्यें ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या प्रहसनांत व २००८ मध्यें ‘द वायर’ मध्यें त्यानें तोंड दाखविलें. बेल्झर २०२३ च्या फेब्रुवारींत निवर्तले. परंतु तोंपर्यंत त्यांच्या पात्रानें परस्परांना परक्या अशा इतक्या मालिकांना एका दोरींत बांधून ठेवलें होतें कीं, तसें काम एकाच पात्रानें केल्याचें उदाहरण मिळणें कठीण.

यावरून पुढील अनुमान निघालें. टर्नरबाई टॉमीच्या मनांतील; त्या ‘होमिसाइड’ मध्यें गेल्या, म्हणून ‘होमिसाइड’ टॉमीच्या मनांतील; मंच तेथून निघाला, म्हणून तो जेथें जेथें गेला तेंहि टॉमीच्या मनांतील; आणि त्या मालिकांशीं ज्यांचे दुवे आहेत त्याहि. २००२ सालीं ड्वेन मॅक्डफी या चित्रकथा-लेखकानें एका लेखांत ही मांडणी केली. मजा अशी कीं, त्याचा हेतु ती सिद्ध करण्याचा नव्हता. चित्रकथांच्या वाचकांना प्रत्येक कथेचा प्रत्येक कथेशीं मेळ बसलाच पाहिजे असें जें वेड लागतें, त्याची ती खिल्ली होती. असा हिशेब प्रामाणिकपणें चालविला तर दूरचित्रवाणीचा बराच भाग एका मुलाच्या डोक्यांत जाऊन बसेल, म्हणून हा हिशेबच सोडा, असें त्याला सांगावयाचें होतें. वाचकांनीं उपहास बाजूला ठेवला आणि हिशेब उचलला. उत्साही प्रेक्षकांनीं जो नकाशा तयार केला त्यांत चारशेंहून अधिक मालिका आहेत.

या नकाशांतील सर्वच दुवे सारख्या वजनाचे नाहींत. ‘मॉर्ली’ नांवाच्या सिगारेटचें पाकीट पुष्कळ मालिकांत दिसतें. पण खऱ्या कंपनीचें नांव टाळण्यासाठीं बनविलेली ती नाटकी वस्तु आहे. कीर्तनकाराचा आणि तमासगिराचा झांजेचा जोड एकाच दुकानांतून आला म्हणून दोघे एकाच कथेंत येत नाहींत.

भक्कम दुवे घेतले तरी तर्क तेथेंहि अडखळतो. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ब्रायन वेदरसन यांनीं या उपपत्तीवर सहा आक्षेप घेतले. पण सामान्य प्रेक्षकाला सुचण्यासारख्याहि अडचणी कमी नाहींत. पहिली म्हणजे, एखादी वस्तु स्वप्नांत आली एवढ्यानें ती स्वप्नमय ठरत नाहीं. टॉमीच्या कल्पनेंत बॉस्टन आहे. म्हणून बॉस्टन नाहींसें होत नाहीं. न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष असतांना मायकेल ब्लूमबर्ग हे ‘लॉ अँड ऑर्डर’ मध्यें स्वतःच्याच भूमिकेंत आले होते. नकाशाचा न्याय लावला तर त्यांनाहि त्या कांचेच्या गोळ्यांत राहावें लागेल.

दुसरी गोष्ट दुव्याच्या दिशेची. डॉक्टर मद्यगृहांत गेले तो प्रसंग ‘सेंट एल्सव्हेअर’ च्या भागांतला आहे. म्हणजे त्यावरून इतकेंच ठरतें कीं, टॉमीच्या कल्पनेंत चीअर्सची मंडळी आहेत. तीं त्याच्या मनांत शिरलीं कोठून? बापानें गोळा ठेवला तो दूरचित्रवाणीच्या पेटीवर. बोलतां न येणाऱ्या त्या मुलानें घरीं बसून ‘चीअर्स’ पाहिली असेल आणि आपल्या डॉक्टरांना तेथें फिरावयास नेलें असेल, यांत अशक्य असें काय आहे?

टर्नरबाईंचा दुवा मात्र उलट दिशेचा आहे. त्या आपलें घर सोडून दुसऱ्याच्या मालिकेंत गेल्या, म्हणून तो अधिक बळकट वाटतो. पण त्याचें उत्तर त्या शेवटच्या दृश्यांतच आहे. टॉमीनें माणसें शून्यांतून निर्माण केलेलीं नाहींत. त्यानें मजूर बापाला डॉक्टर केलें, आजोबांना वडीलधारे डॉक्टर केलें. म्हणजे ओळखीच्या माणसांना त्यानें नवीं कामें दिलीं. तसें असेल तर टॉमीच्या खऱ्या जगांत टर्नर नांवाची एखादी डॉक्टरीण असावी, तिला त्यानें आपल्या रुग्णालयांत घ्यावें, आणि पुढें ती स्वतःच्या पायांनीं बाल्टिमोरला जावी, हें सहज जुळतें. एवढें मानलें कीं ‘होमिसाइड’ सुटते, मंच सुटतो, आणि त्याच्या मागें बांधलेल्या साऱ्या मालिका मोकळ्या होतात.

मालिकांच्या भेटीगांठींमागें व्यवहार किती असतो, हेंहि विसरतां येत नाहीं. पात्रें ही कोणाची तरी मालमत्ता असते व तीं उसनीं द्यावयास धन्याची अनुमति लागते. कार्लिन सेंट एलिजियसमध्यें सहज दाखल झाला, कारण दोन्ही मालिका एमटीएमच्याच होत्या. ३ नोव्हेंबर १९९४ च्या रात्रीं एनबीसी वाहिनीनें न्यूयॉर्कमधील आपल्या मालिकांत एकाच वेळीं वीज घालविली. ‘मॅड अबाउट यू’ मध्यें झालेल्या घोटाळ्यानें ‘फ्रेंड्स’ मधलीं माणसें अंधारांत चाचपडूं लागलीं. उद्देश एवढाच कीं, प्रेक्षकानें रात्रभर पेटी बंद करूं नये. ‘साइनफेल्ड’ च्या मंडळींनीं मात्र आपले दिवे चालू ठेवले. मराठी वाहिन्यांवर दोन मालिकांच्या कुटुंबांचा ‘महासंगम’ भरवितात त्यामागेंहि हाच हिशेब असतो; त्यांतून कोणी विश्वरचना काढीत नाहीं हें एका परीनें बरेंच आहे.

तरीहि एक दुवा असा आहे कीं, तेथें गंमत म्हणून सोडून देतां येत नाहीं. बॉब न्यूहार्ट यांची दुसरी मालिका ‘न्यूहार्ट’ २१ मे १९९० रोजीं संपली. तिच्या अखेरीस नायक अंथरुणांत जागा होतो तो आपल्या पहिल्या मालिकेंतील मनोवैद्य म्हणून, पहिल्याच मालिकेंतील पत्नीजवळ, आणि आठ वर्षांची दुसरी मालिका हें एक स्वप्न होतें असें तिला सांगतो. आतां तोच मनोवैद्य ज्या कार्लिनवर उपचार करी तो कार्लिन टॉमीच्या रुग्णालयांत आहे. नकाशावाल्यांचें खरें मानलें तर टॉमीच्या मनांत एक वैद्य, त्या वैद्याच्या झोपेंत एक खेडें, आणि त्या खेड्यांत खाणारीं, भांडणारीं, जगणारीं माणसें. योगवासिष्ठांत एका भिक्षूची कथा आहे: त्याला आपण जीवट नांवाचा मनुष्य आहों असें स्वप्न पडतें, जीवटाला आपण ब्राह्मण आहों असें पडतें, आणि ती सांखळी रुद्रापर्यंत जाते. तेथें तो रुद्र जागा होऊन मागें वळतो, आणि आपल्याच स्वप्नांतील एकेका मनुष्याला जागें करीत जातो. अमेरिकन नकाशांत असें कोणी मागें वळून येत नाहीं.

टॉमीकडेंहि कोणी वळलें नाहीं, हें या साऱ्या खटाटोपांतलें खटकणारें आहे. ज्या मुलाच्या नांवानें ही सृष्टि ओळखली जाते, त्याच्याविषयीं तींत जवळजवळ कांहींच नाहीं. चारशें मालिकांच्या चौकटी, बाण, तारखा आहेत. मुलगा मात्र एका कोपऱ्यांत, पहिल्या चौकटीचें कारण म्हणून. त्याच्या बापानें विचारलेला प्रश्न उपपत्तीच्या खालीं गाडला गेला. एखाद्या आत्ममग्न मुलाच्या घरीं तो प्रश्न रोजचा असतो, आणि त्या घरांतील माणसांना मंचची वंशावळ ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्या रात्रीं पडद्यावर तो प्रश्न एक थकलेला मजूर विचारतो, उत्तराची वाट पाहत नाहीं, आणि मुलाच्या हातांतला गोळा काढून पेटीवर ठेवतो. मुलगा विरोध करीत नाहीं. गोळ्यांतला बर्फ अजून खालीं बसावयाचा असतो.